मसाल्याचं माप

रात्री साडेनऊला फोन येतो.
ओहायोत तेव्हा सकाळ सरत आलेली असते.
फोन मी धरते,
भट्टीपुढे तीस वर्षं उभं राहून बाबांच्या बोटांच्या रेषा पुसल्यात,
काच त्यांना ओळखत नाही.

गोळीबार चौकाच्या बोळात त्यांचं सावजी भोजनालय:
सहा टेबलं, एक पाटी, तेलकट पंखा.
दोनशे माणसांचा रस्सा एका हाती ढवळणारा हा पुरुष
घरी ताटावर बसला
की पाण्यासाठी नुसता खाकरतो.
आई उठते.
ते खाकरणं मला अक्षरांच्या आधी समजायचं.

काचेत मिथुन. खांद्यावर लेक,
बाहीवर वाळलेलं दूध.
प्रांजली लॅबमध्ये, अंधार पडल्यावर येणार.
याच्या व्हिसावर एक शब्द: डिपेंडंट.
बुटीबोरीला आठ वर्षं शिफ्ट इंजिनिअर होता,
तिथं त्याला काम करायची मनाई आहे.
म्हणजे पगाराच्या.
बाकीचं चालतं,
बाकीचं कुठल्याच सरकारला काम वाटत नाही.

तिथल्या गणपतीच्या पंगतीत
पुरुष विचारतात, "सध्या कुठं?"
तो म्हणतो, "घरी."
मग ते बर्फाबद्दल बोलतात
आणि ताट घेऊन पुढे सरकतात.
हे त्यानं मला सांगितलं. बाबांना नाही.
बाबा चौकात सांगतात, "कंपनीत हाये, मोठ्या."
नाव विचारलं की गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतात.

आज तो म्हणाला,
"बाबा, मसाल्याचं माप सांगा."

आमच्या घरात हे माप पोरालाच सांगतात.
दहावीत मी विचारलं होतं,
"तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाशीन,
मंग चव बी तिकडंच जाईन."
मी कुठंच गेले नाही.
महावितरणात बिलं तपासते,
माझा रस्सा अजून दुकानातल्या पुडीचा.

सवयीनं बाबांनी दार लोटलं.
मग त्यांना दिसलं, फोन माझ्याच हातात आहे.
थोडा वेळ ते फोनकडे पाहत राहिले की माझ्याकडे,
कळलं नाही.
"धणे पाव किलो," म्हणाले.
"खसखस. शहाजिरं. जायपत्री.
दगडफूल एक मूठ."

"मूठ कोणाची?" मिथुननं विचारलं.

बाबांनी आपला हात समोर धरला.
मूठ मिटली, उघडली, परत मिटली.
आतून आई म्हणाली,
"यायची नाही रे, माही.
इतके वर्षं भाजून कोण देते?
अन् जवस कढई उतरवल्यावर टाकजो,
नाही तं कडू होते. यायले हे माहीतच नाही."

तेवढ्यात ओहायोत घंटा वाजायला लागली.
यानं आधीच भिवापुरी मिरची तव्यावर टाकलेली.
पोर रडतंय, टॉवेल फडफडतोय,
फोनवर नुसतं पांढरं छत.
बाबा इथून ओरडताहेत, "खिडकी उघड बे!"
"उघडत नाही, बाबा. इथली उघडतच नाही."
तो परत दिसला तेव्हा डोळे लाल होते,
मिरचीनं असतील.
कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोजनालयात
जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "पोट्टा काय करते तिकडं?"
बाबांनी पळी भांड्यात सोडली.
"माहंच काम करते. घरी.
पगार नाही भेटत."
गिऱ्हाईक हसलं.
बाबा नाही हसले.

रात्री जेवताना ते खाकरले.
आई भाकरीचा तुकडा मोडत राहिली.
मीही.
माठ चार पावलांवर.
पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला,
मग पाटाचा.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून
त्यांनी विचारलं,
"पेले कुठी असते आपल्याकडं?"